चौथा कप्पा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आमच्या बदलापूरच्या, कात्रपमधल्या घरात भिंतभर वॉर्डरोब करायचा ठरला, तेव्हा माप घ्यायला आलेल्या मुलानं विचारलं होतं, घरात माणसं किती. मी तीन सांगितलं. आम्ही चौघं राहत होतो. चौथी माझी वहिनी, आणि ती त्याच वेळी त्या मुलासाठी पाणी घेऊन माझ्या मागे उभी होती.

एवढंच. वाचणाऱ्याला वाटेल, यात कबूल करण्यासारखं काय आहे? चोरी नाही, मारामारी नाही. म्हणून तर इतकी वर्षं गिळता आलं. पण वहिनी कोण होती ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. वडिलांनी मला गावाहून आणून अंबरनाथला दादाच्या खोलीवर सोडलं. दादा एमआयडीसीत कामाला, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. खोली एकच, आणि त्या खोलीत एक लोखंडी कपाट. विमलवहिनीनं मला आधी जेवायला वाढलं नाही की जवळही घेतलं नाही. तिनं कपाट उघडलं, मधल्या कप्प्यातल्या स्वतःच्या साड्या काढून पत्र्याच्या ट्रंकेत घातल्या, कप्पा ओल्या फडक्यानं पुसला आणि म्हणाली, "भाऊजी, हा तुझा. मी हात नाय लावणार, दादापण नाय लावणार." मी पिशवीतले दोन शर्ट त्यात ठेवले. एवढ्या मोठ्या कप्प्यात ते इतके केविलवाणे दिसायला लागले की मला रडू आलं. ती म्हणाली, "भरंल की. माणूस वाढंल तसा कप्पा भरतो."

भाऊजी म्हणायची आणि अरे-तुरे करायची. शेजारच्या बायका हसायच्या, "विमल, दिराला भाऊजी म्हणतेस तर अहो-जाहो कर, नाहीतर सरळ नावानं हाक मार." ती म्हणायची, "नातं मोठं हाय, पोरगं लहान हाय. दोन्ही धरायला नको?"

तिचं माहेर जांभूळ गावचं, शेतकऱ्याचं. दादाच्या पगारात भागेना तेव्हा ती उल्हासनगरला गाउनच्या कारखान्यात जायला लागली. शिलाई येत नव्हती, म्हणून तिथल्या सिंधी शेठनं तिला पॅकिंगला बसवलं, आणि तिथं तिचा हात बसला. कापडाची घडी घालताना ती बोटांनी नव्हे, पालथ्या तळव्यानं हवा काढायची. "कापड जागा खात नाय, हवा खाते," असं म्हणायची. तिनं बांधलेला गठ्ठा इतरांच्या गठ्ठ्यापेक्षा बोटभर बसका असायचा. शेठ दुसऱ्या कोणाला मालाला हात लावू द्यायचा नाही. "विमलबाई, बाहरगाँव का माल तुम बाँधो, बाकी लोग तो बिस्तर बाँधते हैं." त्यावर ती म्हणायची, "साईं, बिस्तर भी आता है, पहले पंखा तो लगाव." घरी येऊन हे सगळं ती आम्हाला शेठच्या आवाजात करून दाखवायची. दादा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसायचा.

त्यांना मूल झालं नाही. मी शिकलो, नोकरीला लागलो, लग्न केलं, बदलापूरला घर घेतलं. दादा अचानक गेला. त्याच सुमारास अंबरनाथची ती चाळ पाडायला काढली. मी वहिनीला कात्रपला घेऊन आलो. तेव्हा आमची मुलगी ऋतुजा लहान होती आणि माझी बायको सुजाता कल्याणला नोकरीला जायची. ऋतुजाला खऱ्या अर्थानं वाढवलं वहिनीनं. ऋतुजा तिला मोठी आई म्हणायची.

आमच्या बिल्डिंगमध्ये वहिनीची ख्याती झाली ती कपाटांमुळे. खालच्या मजल्यावरच्या पाटीलबाई एकदा काकुळतीला येऊन म्हणाल्या, "विमलताई, काहीतरी करा हो. दार उघडलं की सगळं अंगावर येतं. हे म्हणतात, हेल्मेट घालून उघडत जा." वहिनीबरोबर मी पिशव्या धरायला गेलो होतो, म्हणून मला तो प्रसंग पाठ आहे. तिनं कपाटाला हातच लावला नाही. पलंगावर बसली आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"आम्ही दोघं आणि सागर."

"आणि स्वप्ना?"

"तिचं लग्न झालं की!"

"लग्न झालं म्हणून काय मेली का ती? दिवाळीला येते तेव्हा कपडे कुठं ठेवते?"

"बॅगेतच असतात."

"बॅगेत! लॉजवर उतरते काय?" वहिनी म्हणाली. "आधी माणसं मोजा पाटीलबाई, मग कप्पे. माहेरवाशिणीचा कप्पा रिकामा का होईना, पण असला पाहिजे. बाईनं दारात पिशवी ठेवली नि ती तिथंच राहिली, तर ती पाहुणी."

मग तिनं सगळं कपाट जमिनीवर ओतलं. चादरींचे जोड त्यांच्याच उशीच्या अभ्र्यात घातले. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टी हात पोचत नाही तिथं, रोजच्या गोष्टी कमरेच्या आणि खांद्याच्या मध्ये. स्वेटर, शाली सुटकेसमध्ये, सुटकेस माळ्यावर. "रिकामी बॅग म्हणजे भरल्या घरात रिकामा माणूस, त्याला काम द्या." कपडे प्रकारानं नाही, माणसानं लावले. साड्या एकीकडे, शर्ट एकीकडे असं तिला पटायचं नाही. प्रत्येकाचं सगळं एका जागी. "शर्ट हरवला तर शर्ट शोधत नाय कोण. माझा शर्ट कुठाय, असंच विचारतात ना?" शेवटी एक कप्पा मोकळा राहिला. तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला आणि पाटीलबाईंना म्हणाली, "हा स्वप्नाचा. इथं इस्त्रीचे कपडे कोंबू नका, मी येऊन बघणार." पाटीलबाईंनी डोळ्याला पदर लावला. वहिनीनं तिकडे न बघता चहा मागितला.

पुढं ऋतुजा मोठी झाली. जुनी दोन कपाटं दारं लावून घेईनात. सुजाताच्या मनात कधीपासून होतं की बेडरूमच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत वॉर्डरोब करावा. आम्ही तिघं उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात गेलो. सनमायकाचा रंग वहिनी आणि सुजातानं मिळून निवडला. मी बाहेर उभा होतो, आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. घरी आल्यावर वहिनीनं ऋतुजाच्या खडूनं भिंतीवर रेघा मारल्या, इथं गाद्या, इथं भाऊजी, तुझी पुस्तकं, इथं सुजाताच्या ऑफिसच्या साड्या. इतकी खूश मी तिला दादा गेल्यानंतर पाहिली नव्हती.

रविवारी दुकानातला मुलगा आला. सुजाता ऋतुजाला घेऊन भाजीला गेली होती. मुलानं टेप लावली, भिंत मापली, मग मला विचारलं, "अंकल, फॅमिली में मेंबर कितने? उस हिसाब से सेक्शन डालता हूँ."

"तीन," मी म्हणालो.

मागून वहिनीचा आवाज आला. "घे बाळा, पाणी घे. उन्हातून आलास." तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. तो पाणी प्यायला, त्यानं ग्लास परत दिला. मला वळायला वेळ लागला. वळलो तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली होती.

जीभ घसरली असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं नाही. मला विचार करायला वेळ होता. मला वाटलं होतं, चार सांगितलं की ती कायमची झाली. सनमायका लावून, बिजागऱ्या ठोकून कायमची. तिचा मला त्रास नव्हता. उलट तिच्याशिवाय आमचं घर एक दिवस चाललं नसतं. पण जिचे उपकार फेडता येत नाहीत ती बाई रोज सकाळी समोर चहा ठेवते, आणि आपण तिच्यापुढे कायम तो दोन शर्टवाला पोरगा राहतो, याचा मला कंटाळा आला होता. हे लिहिताना लाज वाटते. पण कंटाळा हाच शब्द आहे, दुसरा शोधला तर पुन्हा खोटं होईल.

महिन्याभरानं वॉर्डरोब आला. तीन दारं, तीन भाग. सुजातानं तिन्ही उघडून पाहिली. "अहो, ताईंचा कुठला?"

तेव्हाही सांगता आलं असतं, चुकलं म्हणून. मी म्हणालो, "वहिनीच नको म्हणाली. मला काय लागतंय, उगाच जागा अडेल, म्हणाली."

सुजाता तशीच स्वयंपाकघरात गेली. मी हॉलमध्ये उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, तुम्ही कपाटात जागा नको म्हणालात?"

पोळी लाटल्याचा आवाज चालूच होता. मग वहिनी म्हणाली, "हो गं. मीच बोलले."

"पण का? माझं काही चुकलं का?"

"चुकायचं काय त्यात? नको वाटलं, नको म्हटलं."

सुजाता बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. आदल्या महिन्यात जिच्याबरोबर सुजातानं रंग निवडला, त्याच वहिनीनं न विचारता, न सांगता सुजाताच्या घरातली जागा नाकारली होती. तिला तरी दुसरं काय वाटणार?

वॉर्डरोब लावला वहिनीनंच. तिच्याशिवाय कोण लावणार होतं? त्या आठवड्यात ती दुपारभर एकटी खपली. तळव्यानं हवा काढत एकेक घडी बसवली, मोज्यांसाठी बुटांच्या खोक्यांचे खण केले, दाराच्या आतल्या बाजूला सुजाताच्या ओढण्यांसाठी दांडी मारून घेतली. आणि तिच्या हाताचा गुणच असा की सगळं बसूनही सुजाताच्या भागातला खालचा एक सबंध कप्पा रिकामा उरला.

सुजाता मनानं मोठी. ती म्हणाली, "ताई, बघा, जागा झालीच. आता तरी तुमच्या साड्या ठेवा."

मी दाराशी होतो. वहिनीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. हो म्हणाली असती तर, मग आधी नको का म्हणालात, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मी होतो. ती म्हणाली, "नको. तो ऋतुजाचा. उद्या लग्न होऊन येईल तेव्हा लागंल." सुजाता तिथून निघून गेली. स्वतः मोकळी केलेली जागा घ्यायची सोयही मी वहिनीला ठेवली नव्हती.

जुनी कपाटं गेली, तसं तिचं सामान हॉलमधल्या दिवाणाच्या मागे एका कापडी पिशवीत राहायला लागलं. त्या रविवारपासून आणखी एक बदल झाला. ती मला तुम्ही म्हणायला लागली. भाऊजी, तुम्ही जेवलात का. भाऊजी, तुमचा डबा. सुजाताला ते लक्षात आलं नाही, ऋतुजाला आलं. तिनं विचारलंच, "मोठी आई, तू बाबांना तुम्ही का म्हणतेस गं?"

"मोठे झाले ते," वहिनी म्हणाली.

मग पिशवी हलकी होत गेली. जांभूळला भाच्याकडे जाताना ती दोन साड्या जास्त न्यायची आणि परत येताना आणायची नाही. दिवाळीला सुजातानं हौसेनं साडी आणली की ती कपाळाला लावून घ्यायची, एकदा नेसायची, पुढच्या खेपेला ती साडीही जांभूळला. सुजाता माझ्याजवळ म्हणायची, "मी आणलेली साडीसुद्धा त्यांना या घरात ठेवावीशी वाटत नाही. एवढं काय वाकडं आहे माझ्याशी?" ठेवायला जागाच नाही गं तिला, असं मी म्हणू शकलो असतो. मी म्हणायचो, "तिचा स्वभावच तसा." ज्या बाईनं मला पोसलं, तिच्या स्वभावावर ढकललं.

एकदा मात्र मी प्रयत्न केला. सुजाता घरी नसताना माझा अर्धा भाग रिकामा केला, शर्ट सुटकेसमध्ये भरले आणि वहिनीला बोलावलं. "हे तुझं." तिनं कपाटाकडे पाहिलं, मग सुटकेस उघडून माझे शर्ट एकेक करून परत जागेवर लावले. लावताना माझ्या घड्या मोडून नव्यानं घातल्या, तेवढं तिला राहवलं नाही. "राहू द्या भाऊजी. शर्टांना सवय झालीय आता," म्हणाली. मी शेजारी नुसता उभा. मला घडीही नीट घालता येत नव्हती.

ऋतुजा पुण्याला शिकायला गेली, आणि वहिनीनं सांगितलं, "आता इथं माझं काम नाय. जांभूळला जाते." सुजाता म्हणाली, "राहा ना ताई." म्हणाली, पण एकदाच. इतक्या नकारांनंतर तिनं तरी किती वेळा म्हणायचं? दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी रिक्षा आणायला खाली गेलो. वहिनीचं एवढ्या वर्षांचं सामान मी एका हातात धरून जिना उतरलो.

त्यानंतर मी कधीमधी एकटाच जांभूळला जायचो. भाचेसुनेनं वहिनीला अर्धं कपाट दिलं होतं. पहिल्या खेपेलाच तिनं मला ते उघडून दाखवलं. सुजातानं दिलेली एकूण एक साडी त्यात होती, मध्ये कागद घालून, डांबरगोळ्या टाकून. "रंग बघा कसे निवडते," वहिनी म्हणाली. "मागल्या हळदीकुंकवाला ही जांभळी नेसले होते. बायका विचारीत होत्या, कुणी घेतली. म्हटलं, जावेनं." हे मी सुजाताला येऊन सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही.

शेवटच्या भेटीत मी धीर केला. ती ओसरीवर पावटे सोलत बसली होती. मी म्हणालो, "वहिनी, त्या रविवारी तो मुलगा माप घ्यायला आला होता..."

तिनं हात थांबवला नाही. "सुजाताला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला काय सांगता? मी होते की तिथं."

आणखी दोन शेंगा सोलून ती म्हणाली, "तिला वाटतं, मी तिला परकं मानलं. तेवढं काढ तिच्या मनातून. माझं काय नाय." मग पावट्याची टोपली माझ्याकडे सरकवली, "नुसता बसू नकोस, सोल." इतक्या वर्षांनी ती मला तू म्हणाली, आणि मी मान खाली घालून पावटे सोलत राहिलो. निघताना सांगतो असं कबूलही केलं.

ती हिवाळ्यात गेली. सकाळी अंगणात पाणी तापत ठेवलं आणि तिथंच बसली, असं भाचा म्हणाला. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकत आलं होतं. गर्दीत सुजाता मागे उभी राहून रडत होती. परत येताना रिक्षात म्हणाली, "मला एवढंच वाईट वाटतं, की त्यांनी माझं घर कधी आपलं मानलं नाही. मी वाईट होते का हो?" मी म्हणालो, "नाही." रिक्षा हलत होती, सुजाता बाहेर बघत होती. तेव्हा बोलायला हवं होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिला वाटलं, मी धीर देतोय.

आता आमच्या घरात वहिनीचा विषय निघतो तेव्हा सगळे चांगलंच बोलतात, तिच्या घड्या, तिची कपाटं, तिचं शेठची नक्कल करणं. आणि शेवटी सुजाता म्हणते, "माणूस सोन्यासारखं, पण मानी." ऋतुजा मान हलवते. तिलाही आता तसंच वाटतं. मीही तिथंच बसलेलो असतो.

वहिनीची माफी मागायची वेळ गेली. सुजाता आहे, आतल्या खोलीत आहे. ताईंनी नको म्हटलं नव्हतं, मी खोटं बोललो, एवढं तिला समोर बसवून सांगायचं आहे. तिनं हे कागदावर वाचण्याआधी, माझ्या तोंडून. ते मी अजून सांगितलेलं नाही.